रबराच्या पानांवरचं पांढरं

हवा इतकी कोरडी पडली होती की हसलं तरी ओठ फुटत. तशी हसायची वेळ तिच्यावर फारशी येत नव्हतीच. सकाळी उठून तिने अप्पांची कूस बदलली, चादर बदलली आणि गार धुकं सोडणारं मशीन नळाच्या पाण्याने भरून सुरू केलं. अप्पा म्हणजे तिचे वडील. बसडेपोत जन्मभर इंजिनं दुरुस्त करून छातीचं खोकं झालेलं. कोरड्या हवेत खोकला चढतो म्हणून वहिनीने ते मशीन आणून दिलं होतं.

मशीनशेजारी रबराचं झाड. निवृत्त होताना अप्पांनी ते डेपोतून ऑइलच्या डब्यासकट उचलून आणलेलं. आता अंथरुणाला खिळल्यावर दिवसभर त्यांच्या गप्पा त्याच्याशीच.

आणि त्याच झाडाची पानं पांढरी पडत चालली होती.

नर्सरीवाल्याने फोनवर फोटो पाहून सांगितलं, "भुरी आहे, बुरशी." त्याचं औषध फवारलं, पानं आणखी पांढरी. मग साबणाचं पाणी झालं, निंबोळी तेल झालं.

"झाडाच्या आधी मीच जाईन या वासाने," अप्पा म्हणाले. "आणि माझा चष्मा पूस. सगळं धुरकट दिसतंय."

"चष्म्याला काय झालंय? डोळे म्हातारे झालेत तुमचे."

वहिनी भेटायला आली ती नाकाला पदर लावूनच. "वन्सं, ही बुरशी त्यांच्या छातीत गेली म्हणजे? रविवारी रिक्षा घेऊन येते. झाड हलवायचं."

अप्पा भिंतीकडे तोंड करून पडून राहिले, जेवले नाहीत. तिला वाटलं, रडले असते तर बरं झालं असतं.

ती अल्टरेशनच्या दुकानात पँटी दुमडायची, इस्त्री करायची. शनिवारी काळ्या पँटीवर वाफेची इस्त्री फिरवली, तर इस्त्रीने पचकन पांढरं थुंकलं.

"नळाचं पाणी घातलंस ना परत?" मास्तर खेकसले. "क्षार धरतात, कितीदा सांगायचं? व्हिनेगर घाल आणि धू तिला. लक्ष कुठंय तुझं?"

लक्ष खरंच दुसरीकडे गेलं होतं. नळाचं पाणी. इस्त्रीतून वाफ, मशीनमधून धुकं. ती पँट हातात धरून तशीच उभी राहिली.

संध्याकाळी चप्पलसुद्धा न काढता ती झाडाजवळ गेली. पान उलटं केलं. खालून हिरवंगार. देठाच्या बेचक्यात कापसासारखं काही नाही, म्हणजे पिठ्या ढेकणाची कीडही नाही. भिंतीकडची पानं स्वच्छ, मशीनकडची पांढरी. बोटाला बारीक कचकच लागली. टीव्हीच्या काळ्या पाठीवर बोट ओढलं, तिथेही तेच. मग तिने अप्पांच्या नाकावरचा चष्मा काढून उजेडात धरला.

"अप्पा..."

"काय?"

"चष्मा खरंच धुरकट आहे."

"महिनाभर काय, मी तुला गोष्ट सांगत होतो?"

दुकानातून मागून आणलेलं व्हिनेगर पाण्यात घालून तिने फडकं भिजवलं. पहिलं पान पुसताच खालचा गडद हिरवा वर आला. मागून साध्या पाण्याचा हात फिरवला. अप्पा मान वर करून बघत होते. "वरचं राहिलं. अगं, त्याच्या पलीकडचं." पाठ मोडून आली होती, तरी वरचंही पुसलं.

रविवारी वहिनी आली. रिक्षा खाली थांबलेली.

"वहिनी, बुरशी नाही ती. मशीनच्या पाण्यातले क्षार आहेत. धुक्याबरोबर उडून सगळीकडे बसतात."

"म्हणजे माझ्या मशीनचा दोष?"

"पाण्याचा. मशीन हवंच आहे. क्षार काढलेलं पाणी घालायचं, चौकातल्या फिल्टरवर मिळतं ते."

"आणि ते रोज तीन जिने चढवून आणणार कोण?"

वहिनीने एका पानावरून बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं, मग टीव्हीवरून फिरवलं आणि पदराला पुसलं. "बघा बाई तुमचं तुम्ही," म्हणाली आणि रिक्षा परत पाठवायला गॅलरीत गेली.

"मशीन बंद का गं?" अप्पांनी विचारलं. खोकला दाटून येत होता.

"पाणी आणायचंय."

तिने ओट्याखालचा कॅन ओढून काढला, विसळला, झाकण दातात धरून चप्पल पायात सरकवली आणि जिना उतरू लागली.