दोन जावा, एक रिक्षा आणि श्रीलंकेचा दक्षिण किनारा

"परदेशात जाऊन रिक्षा चालवायची? मग डोंबिवली स्टेशनबाहेरच चालव ना!" माझ्या नवऱ्याची, संदीपची, पहिली प्रतिक्रिया ही होती. पण नलिनीवहिनींनी फोनवर "कधी निघायचं?" एवढंच विचारलं आणि ट्रिप ठरली.

नलिनीवहिनी म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई. वय अठ्ठावन्न, ठाण्यातल्या एका शाळेतून निवृत्त. सासूबाईंच्या शेवटच्या आजारपणात कोणी किती केलं यावरून संदीप आणि दादा, म्हणजे त्याचा मोठा भाऊ, यांच्यात वाजलं. तेव्हापासून दोघं बोलत नाहीत आणि दादांनी आमच्या कोपरच्या घरात पाऊल टाकलेलं नाही. वहिनींचं येणंही त्यामुळे बंद झालेलं. आम्ही दोघी मात्र दर रविवारी सकाळी ठाण्याला उपवन तलावावर पळायला भेटतो. दोन्ही घरांना हे माहीत आहे, विषय कोणीच काढत नाही.

श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावर एक छोटी मॅरेथॉन असते हे तलावावरच एका ओळखीच्या बाईंकडून कळलं. माझी पहिली पूर्ण मॅरेथॉन आणि वहिनींची पहिली अर्ध. विमानाचं तिकीट महिनोन् महिने आधी काढल्यामुळे गोव्याच्या मोठ्या ट्रिपइतकाच खर्च आला. व्हिसा ऑनलाइन मिळतो.

कोलंबोच्या उत्तरेला नेगोंबो गाव आहे, तिथे पर्यटकांना रिक्षा भाड्याने मिळते. आपला आंतरराष्ट्रीय परवाना असेल तर तिथला तात्पुरता परवाना रिक्षा भाड्याने देणारेच काढून देतात, फक्त कागद आधी पाठवा. आम्ही दोघींचेही काढलेले. पण चालवणार वहिनी, हे ठरलेलं होतं. त्या जुन्या, हाताने गिअर टाकायच्या स्कूटरवर शिकलेल्या, आणि रिक्षाचे गिअरही डाव्या मुठीतच. रिक्षा देणारा माणूस समजावत होता, तोवर वहिनींनी अंगणात दोन चकरा मारल्यासुद्धा.

"फक्त मागे तीन माणसं बसवायचा मोह आवरायला हवा," त्या म्हणाल्या.

वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून. रिक्षाला एक्सप्रेसवेवर बंदी आहे, त्यामुळे किनाऱ्याचा जुना गॉल रोड धरायचा. तेच बरं आहे. कोलंबोची गर्दी संपली की उजव्या हाताला समुद्र सुरू होतो. रस्ता, रेल्वेचे रूळ आणि लाटा इतक्या चिकटून जातात की आगगाडीच्या खिडकीवर पाणी उडत असेल. खाजगी बसवाले मात्र जीव खातात, मागून हॉर्न आला की मुकाट बाजूला व्हा. अंधार पडल्यावर चालवू नका.

मुक्काम घरगुती गेस्टहाऊसमध्ये. आपल्या दीड हजार रुपयांच्या आत दोघींची छान सोय होते, आणि सकाळी सांगून ठेवलं तर रात्री घरचं जेवण मिळतं. हिक्कडुवाला नाश्त्याला इडियाप्पम, म्हणजे तांदळाच्या वाफवलेल्या शेवया, आले तेव्हा वहिनी ओरडल्याच, "अगं, ह्या आमच्या शिरवळ्या!" त्यांचं माहेर मालवणकडचं. तिकडे शिरवळ्या नारळाच्या गोड रसात बुडवून खातात. इथे सोबत पातळ डाळ आणि लाल तिखट घातलेला ओला नारळ. वहिनींनी मालकीणबाईंकडे साखर आणि नारळाचं दूध मागितलं. बाईंनी घाबरत घाबरत एक घास खाल्ला आणि नवऱ्याला हाक मारून त्यालाही खायला लावला. बदल्यात त्यांनी वहिनींना काही सिंहली शब्द शिकवले. 'अय्या' म्हणजे मोठा भाऊ, 'हेमिन' म्हणजे हळू.

गॉलचा किल्ला संध्याकाळी बघा, तटबंदीवर चालायला तिकीट नाही. तिथे बसलेलो असताना वहिनी म्हणाल्या, "मला कोणी कधी विचारलं नाही बघ, तुला काय जमतं म्हणून. सगळ्यांनी काय काय करायचं तेवढं सांगितलं." मी त्यांना शेंगदाण्याची पुडी दिली.

मॅरेथॉन मातारा ते टंगाल अशी होती. रिक्षा टंगालच्या गेस्टहाऊसवर ठेवली आणि आयोजकांच्या बसने निघालो. अर्ध मॅरेथॉनवाल्यांना मधल्या डिकवेला गावात सोडलं. वहिनी उतरताना म्हणाल्या, "शेवटच्या रेषेवर भेटू. मी आधी पोचले तर शहाळं घेऊन उभी असेन."

पहिले दोनेक तास सगळं सोपं होतं. माडांमधून वारा, मच्छीमारांच्या होड्या परत येतायत, शाळेतली मुलं टाळ्या वाजवतायत. ऊन चढल्यावर खेळ बदलला. ठाण्यात मे महिन्यात सराव केलेला, तरी हा दमटपणा वेगळाच. मीठ-लिंबाचं पाणी प्यायले, डोक्यावर पाणी ओतलं, आणि हळूहळू माझ्या मागे कोणी उरेना.

शेवटचे दहाएक किलोमीटर राहिले असतील. एका किराणा दुकानाच्या पायरीवर वहिनी बसलेल्या दिसल्या. उजव्या पायातला बूट काढलेला, घोटा टम्म सुजलेला. दुकानदारीणबाई त्यावर बर्फ धरून होत्या. खड्ड्यात पाय मुरगळला होता.

मी शेजारी बसले. खरं सांगते, बसायला मिळालं याचा आधी आनंदच झाला.

"बसू नकोस! ऊठ, पळ," वहिनी म्हणाल्या.

"तुम्हाला इथे सोडून नाही जाणार मी."

"माझ्यासाठी थांबलीस तर तुझ्याशी बोलणार नाही, मनीषा."

"न बोलणारे घरात आधीच दोन आहेत, वहिनी."

त्या आधी रागावून बघत राहिल्या, मग इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात आयोजकांची शेवटची गाडी आली. या गाडीच्या मागे पडलात की शर्यत संपली, आत बसायचं. पिकल्या केसांच्या ड्रायव्हरने आम्हा दोघींना दार उघडून दिलं. वहिनी लंगडत चढल्या आणि मी चढायच्या आत त्यांनी दार ओढून घेतलं.

"ही नाही. ही पळणार. अय्या, हेमिन! हेमिन!"

ड्रायव्हर हसला. त्याने गाडी माझ्यामागे हळू घेतली, अगदी माझ्या वेगाने. मी चालले की गाडी रांगायची, मी पळाले की पहिला गिअर. खिडकीतून वहिनींचा शाळेतला आवाज, "खांदे खाली! हात हलव! त्या पिवळ्या घरापर्यंत पळ, मग चाल!" पिवळं घर गेलं की पुढचं देऊळ, मग पेट्रोल पंप. मी एकदा रडलेही. "रड, पण पळताना रड," मागून आलं.

टंगालला कमान अर्धी उतरवून झाली होती. मी पोचले तेव्हा शिडीवरची माणसं थांबली आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. गळ्यात पदक पडलं. त्या दिवसाची शेवटची मी.

संध्याकाळी खोलीत मी ते पदक वहिनींच्या गळ्यात घालायला गेले. त्यांनी माझा हात धरला. "नको. तुझं आहे ते." आणि भिंतीकडे बघत म्हणाल्या, "मला पण हवं होतं गं." मग दोघी रडलो, आणि नंतर कोट्टू मागवला. म्हणजे पराठ्याचे तुकडे आणि भाज्या तव्यावर खणखणाट करत एकत्र कुटतात ते. एक प्लेट दोघींना पुरते.

तिथल्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. हाड शाबूत, पण पाय टेकायचा नाही. रिक्षाचा ब्रेक उजव्या पायात. म्हणजे परतीचा रस्ता माझ्याकडे! पळून पळून मांड्या भरून आल्याने जिना उतरताना किंचाळणारी मी, नेगोंबोपर्यंत रिक्षा घेऊन गेले. वहिनी मागच्या सीटवर पाय लांब करून, "क्लच सोड... हळू... अगं, बस येतेय!" पहिल्या दिवशी कितीदा बंद पडली विचारू नका. कोलंबो पार केलं तेव्हा मात्र त्या झोपल्या होत्या. मला एवढी मोठी शाबासकी आजवर कोणी दिली नव्हती.

परतल्यावर एक अडचण आली. वहिनींचं ठाण्यातलं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आमचं कोपरचं तळमजल्यावर. विमानतळावरून वहिनी सरळ आमच्याकडे आल्या. त्यांची बॅग संदीपने उचलून आत नेली.

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर दादा आले. दारात चप्पल काढून बराच वेळ उभे राहिले.

संदीप पेपरातून मान वर न करता म्हणाला, "चहा?"

"अर्धा."

एवढंच. मग रोज येत राहिले. बोलणं घोट्याबद्दल, सूज, बर्फ, डॉक्टर. एकदा क्रिकेटबद्दल. सासूबाईंचा विषय अजून कोणी काढलेला नाही, आणि मीही काढणार नाही.

कोणी विचारलं की या ट्रिपमधून काय मिळालं, तर पदक दाखवते. ते खरं उत्तर नाही, पण पटकन देता येतं. तुम्ही जाणार असाल तर नक्की जा. बूट चांगले घ्या, खड्डे बघा, आणि सोबत असं माणूस न्या जे वेळेला तुमच्या तोंडावर दार ओढून घेईल.

वहिनी बऱ्या होऊन ठाण्याला परत गेल्या. दादा मात्र गेल्या गुरुवारी पुन्हा आले. म्हणाले, इकडे काम होतं. कोपरला त्यांचं काय काम असणार, हे कोणी विचारलं नाही. संदीपने चहा टाकला.