डाव्या हाताचा मोजा

आमच्या कारखान्यात माझ्या थोरल्या जाऊबाईंना सगळे खोडकाकू म्हणतात, तेही तोंडावर. काम बेसबॉलचे चामडी हातमोजे शिवायचं. कुणाचाही मोजा पुढ्यात ठेवा, त्या तो हातात घालून दोनदा मूठ वळणार आणि लगेच खोड काढणार. अंगठा आखूड, टाका सैल, वादी कोरडी. "चांगला झालाय" हे शब्द एकोणीस वर्षांत मी त्यांच्या तोंडून ऐकले नाहीत. मी तिथे या वाद्या, बोटं जोडणाऱ्या चामडी दोऱ्या, ओवते, म्हणजे माझ्या वाट्याला बोलणीही जास्त. घरंही भिंतीला भिंत लागून, त्यामुळे सुटका नाहीच.

भावोजी, म्हणजे त्यांचे यजमान, त्याच कारखान्यात मोजे मऊ करायचे. नवा मोजा पुठ्ठ्यासारखा ताठ असतो. त्याला तेलाचं बोट फिरवायचं, मधला खळगा लाकडी ठोकळ्याने ठोकायचा, मग डाव्या हातात घालून चेंडू झेलत बसायचं. उजव्या हाताने फेकणारा माणूस मोजा डाव्या हातात घालतो, आणि आमचे बहुतेक मोजे तसेच. गेल्या वर्षी भावोजींना अर्धांगाचा झटका आला आणि नेमका तो डावा हातच लुळा पडला. डॉक्टर म्हणाले, काय यायचं ते सहा महिन्यांत येईल. पाय आला, बोलणं आलं, हात काही आला नाही. सहावा महिना संपत आला तरी भावोजी रोज सकाळी बोटांकडे टक लावून बसायचे.

"हललं का गं काही?"

"नाही," जाऊबाई म्हणायच्या आणि चहा टाकायला उठायच्या. खोटं बोलणं त्यांना कधी जमलंच नाही.

एक दिवस भावोजी म्हणाले, "उजव्या हाताचा मोजा शिव मला. एका हाताने झेलेन तरी."

जाऊबाईंनी कारखान्यात चामडं निवडून घेतलं. मोजा आतली बाजू बाहेर ठेवून शिवतात आणि शेवटी लोखंडी हातावर चढवून सुलटा करतात. म्हणून कापतानाच डावं-उजवं मनात फिरवावं लागतं. नवी बाई पहिल्या आठवड्यात हमखास इथे चुकते. जाऊबाईंनी मोजा सुलटा केला आणि अंगठा भलत्याच बाजूला आला! तीस वर्षं डाव्या हाताचे मोजे कापलेले, सवयीने कात्री तिकडेच वळली. मला हसू फुटलं. शेवटी खोडकाकूंचीही खोड सापडली म्हणायची. पण त्या तिथेच चामड्याच्या कातरणात मटकन बसल्या आणि माझं हसू जागच्या जागी विरलं. दिवसभर कारखाना, घरी नवऱ्याची अंघोळ, कपडे घालणं, भाकरी कुस्करून देणं. माणूस पुरणार तरी किती?

"थकले गं मी," एवढंच म्हणाल्या.

घरी भावोजी मात्र खूश. "माझ्याच हाताचा आहे की! घाल." आम्ही दोघींनी एकेक लुळं बोट धरून तो चढवला.

त्यानंतर रोज संध्याकाळी जाऊबाई आधी त्यांची बोटं चोळायच्या, मग मोजा.

"बघू कोण आधी मऊ पडतंय," भावोजी म्हणायचे.

आम्ही हसायचो. जाऊबाईंनी तो मोजा ठोकला, दुमडला, आत चेंडू बांधून गादीखाली ठेवला. गिऱ्हाइकाच्या मोज्याला एवढी माया त्यांनी कधी लावली नव्हती.

परवा भावोजी खुर्चीत बसले होते, मोजा घातलेला हात मांडीवर. जाऊबाईंनी वरून चेंडू सोडला. तो खळग्यात पडला आणि मोजा हळूच मिटला.

"हलली! अगं, बोटं हलली! बघितलंस ना?" भावोजींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी.

मी जाऊबाईंकडे पाहिलं. नीट मुरलेला मोजा चेंडूच्या वजनानेच मिटतो, हे आमच्याकडे काल लागलेली बाईसुद्धा सांगेल. भावोजींचा तर जन्म त्यात गेला होता. आता "नाही" येणार, असं मी धरूनच चालले होते.

"हो," जाऊबाई म्हणाल्या. "हलली."

"पुन्हा टाक."

त्यांनी पुन्हा टाकला. सात-आठ वेळा टाकला. मग चेंडू माझ्या हातात देऊन स्वयंपाकघरात गेल्या. थोड्या वेळाने मी आत डोकावले, तर नळ सोडून नुसत्याच उभ्या होत्या. मला रडू येत होतं, पण काहीतरी बोलायला हवं होतं.

"चांगला झालाय हो मोजा," मी म्हणाले.

"नाही गं," त्या म्हणाल्या. "फार मऊ केला मी तो."