फळ्यावर नसलेली ओळ

आज तेवीस सप्टेंबर. या दिवशी दिवस आणि रात्र सारखे असतात, असं मी गावच्या शाळेच्या फळ्यावर वर्षानुवर्षं लिहीत आलो. ते पूर्ण खरं नाही. आपल्याकडे या तारखेला दिवस रात्रीपेक्षा काही मिनिटं मोठाच असतो, खरी बरोबरी आणखी काही दिवसांनी होते. हे मला निवृत्तीनंतर कळलं. त्या चुकीनं कोणाचं काही बिघडलं नाही. याच दिवसाच्या दुसऱ्या ओळीनं मात्र एका मुलीची शाळा सुटली, आणि ती ओळ आज सकाळी पुन्हा माझ्या फोनवर आली.

गावाचा एक ग्रुप आहे. मी जालन्यात मुलाकडे राहतो, तरी त्यात आहे. रोज पहाटे कोणी तरी फुलांच्या चित्रावर दिनविशेष टाकतं. आज झेंडूच्या चित्रावर लिहिलं होतं, ‘आजच्या दिवशी पाटलांच्या आजोबांनी विहीर खोदून गावाला पाणी दिले.’ खाली हात जोडल्याची चिन्हं.

हा दिनविशेष मी बनवला आहे. त्यातली तारीखसुद्धा माझीच.

तेव्हा परिपाठाच्या आधी ओसरीतल्या फळ्यावर सुविचार आणि दिनविशेष लिहून ठेवायची पद्धत होती. दिनविशेष मी पेपरातून घ्यायचो. पेपर कुंभार पिंपळगावाहून येणाऱ्या गाडीनं यायचा. त्या दिवशी गाडी आली नाही. पोरं रांगेत उभी राहायला लागली आणि फळा अर्धा कोरा. आदल्या संध्याकाळी पाटलांच्या ओट्यावर चहा घेताना त्यांनी विहिरीची गोष्ट सांगितली होती. मी ती लिहून टाकली. विहीर निजामाच्या अमदानीतली. तेव्हाचं सरकारी साल फसली, ते ऑक्टोबरात सुरू व्हायचं, कागद उर्दूत. पाणी नेमकं कोणत्या दिवशी लागलं ते गावात कोणालाच ठाऊक नव्हतं. मी ते आजच्या दिवशी लावलं. पुढं तपासणीला आलेल्या साहेबांनी फळा बघितला आणि स्थानिक इतिहास म्हणून शेरा दिला. त्यानंतर ती ओळ दर वर्षी लिहिणं भागच झालं.

महिनाभरानं एक बाई शाळेत आली. मेंढक्याच्या घरची, डोक्यावरून पदर, हातात काठी. तिला वाचता येत नव्हतं, पण फळ्यावर काय आलं होतं ते गावभर झालं होतं.

“गुरुजी, हिर पाटलानं खांदली व्हय?”

“असं सांगतात.”

“पाटील सांगत असंल. त्याचे मजूर खडकाला भिऊन वर आल्ते. पाटलाच्या रानात आमच्या मेंढ्या बसल्या होत्या. माझा बाप दोराला धरून खाली गेल्ता. पानी त्यानं फोडलं. वरची दरड त्याच्या पायावर आली. पुढं सहा वर्सं बाजेवर पडून होता. आमचा कळप त्याच्यातच गेला.”

मी गावातल्या दोन म्हाताऱ्यांना विचारलं. दोघांनीही तिचंच खरं म्हणून सांगितलं. पाटलांच्या आजोबांनी पाणी लागल्यावर वरची पायरी बांधली, एवढंच त्यांचं. पुढच्या वर्षी तिच्या बापाचं नाव लिहीन, असा मी तिला शब्द दिला. शब्द देताना तो पाळायचा माझा विचारही होता.

पुढच्या वर्षी माझी बदली निघाली, थेट भोकरदनच्या पलीकडे. बायकोला दिवस गेले होते. पाटलांचं तालुक्यात ऐकलं जायचं. त्यांनी शब्द टाकला आणि बदली थांबली. हे लिहायला मला जवळजवळ पन्नास वर्षं लागली. तेवीस तारखेला मी खडू हातात घेतला आणि गेल्या वर्षीचीच ओळ काढली.

ती मेंढक्याची बाई आली होती. ओसरीच्या खांबाला टेकून उभी. म्हणाली, “वाचा बरं गुरुजी.”

मी फळ्याकडे बोट केलं आणि जे लिहिलं नव्हतं ते वाचलं. तिच्या बापाचं नाव घेतलं, मेंढपाळ म्हणालो, खडक फोडला म्हणालो. एकेका शब्दाखाली बोट सरकवत गेलो, जसं पहिलीच्या पोरांना शिकवतो तसं. ती ऐकत होती. मग तिनं फळ्याला हात लावून तो कपाळाला लावला. दुपारी तिनं शाळेत गूळ-शेंगदाणे वाटायला आणले. मीही खाल्ले.

असं मी तीन वर्षं केलं. ओळ गावाला जुनी झाली होती, आणि पोरं गुरुजींना खोटं पाडत नव्हती. चौथ्या वर्षी ती आपल्या मुलीला घेऊन आली. मुलगी अकरा वर्षांची. राजूरजवळ मावशीकडे राहून चौथी शिकून आलेली, आमच्या शाळेत पाचवीला नाव घालायचं होतं.

“गुरुजी, आज तुमी नका वाचू. हिला वाचू द्या. हिच्या आज्याचं नाव हिच्या तोंडून ऐकते.”

मला फळा पुसता आला असता. ओल्या फडक्याचा एक हात पुरला असता. मी नुसता उभा राहिलो. मुलीनं मोठ्यानं, स्पष्ट वाचलं. पाटलांच्या आजोबांनी विहीर खोदून गावाला पाणी दिले.

“नीट वाच,” आई म्हणाली.

मुलीनं तेच पुन्हा वाचलं.

आईनं माझ्याकडे बघितलं. शाळेवरून पाण्याला निघालेल्या चार बायका थांबून बघत होत्या. त्या क्षणी खरं बोलायला काही अवघड नव्हतं. मी म्हणालो, “पोरीला जोडाक्षरं येत न्हाईत अजून. अंदाजानं वाचून राह्यली.”

एक बाई हसली. “चार सालं काय मावशीची भांडी घासली काय गं?”

आईनं मुलीच्या पाठीत धपाटा घातला. “गुरुजीपरीस शानी झाली. चार वर्सं शिकून एक ओळ वाचता येईना. बस झालं. लोकांच्या मेंढ्या राख.”

मुलगी रडली नाही. तिनं पुन्हा एकदा फळा मनातल्या मनात वाचला. तिचे ओठ हलताना मी बघितले. हजेरीपटावर तिचं नाव मी कधीच लिहिलं नाही. एकदा घरी जाऊन समजावेन असं म्हणत होतो, तेवढ्यात दिवाळीची सुट्टी लागली. नंतर पाच वर्षांत तिचं लग्न झालं, गावातच.

आज सकाळी मी ग्रुपवर लिहिलं, ही माहिती चुकीची आहे, पाणी एका मेंढपाळानं काढलं, माझ्याकडून खोटं लिहिलं गेलं. पाटलांचा नातू ग्रुप चालवतो. त्याचं उत्तर आलं, ‘गुरुजी, लेखी पुरावा आहे का? तुमच्याच हस्ताक्षरातल्या फळ्याचा फोटो आमच्याकडं आहे. त्यावरूनच विहिरीवर दगड बसवला. तब्येतीला जपा.’ मग एकानं हसरं तोंड टाकलं. मग एकानं सोयाबीनचा भाव विचारला. संपलं.

मी गावची गाडी धरली. घनसावंगीच्या पुढं रस्त्यावर लोकांनी लवकरचं सोयाबीन वाळायला टाकलं होतं, गाडी त्याच्या कडेकडेनं चालली. ऊन अजून चटका देणारं. घराघरांतून कावळ्यांना हाका. यंदा ही तारीख पितृपंधरवड्यात आली होती.

ती मुलगी घराच्या मागं तुरीच्या काड्यांची कुडाची भिंत बांधत होती. आता साठीच्या आत-बाहेरची, केस आईसारखेच लवकर पांढरे. मला ओळखायला तिला वेळ लागला नाही.

“बसा गुरुजी. एवढ्या उन्हाचं?”

बाजेवर बसून मी सगळं सांगितलं. बदली, पाटील, तीन वर्षांचं खोटं वाचन, जोडाक्षरं. म्हणालो, तू बराबर वाचलं होतंस. ती दोरीची गाठ मारत राहिली.

“मला म्हाईत होतं की,” ती म्हणाली. “मला वाचता येत होतं.”

मी म्हणालो, मी हे सगळं लिहिणार आहे, तुझ्या आज्याचं नाव घालून.

“नाव बिलकुल नका घालू. माझं पोर पाटलाच्याच रानात कामाला हाय. आता आज्याच्या पायापाई पोराचं पोट मारू का?”

म्हणून या लिखाणात कोणाचंच नाव नाही.

तिनं गाठ दातांनी आवळली. मग तिनं विचारलं, “हे सांगाय आज कसं आलात?”

“तुझ्या कानावर जावं म्हणून.”

“माझ्या कानावर घालून काय करता? मायला सांगायचं होतं. ती मरेपर्यंत मला ढबी, मठ्ठ म्हणायची. आठ वर्सं झाली तिला जाऊन. तुमी जालन्यातच होतात न्हवं?”

मी होतो म्हणालो. ती पुढची काडी उचलून कुडाला लावायला लागली. चारच्या गाडीला अजून अवकाश होता, पण मी उठलो.