ज्युली टीचरची कात्री

वसईजवळच्या आमच्या गिरीज गावात ज्युली टीचरच्या पुढच्या खोलीत फ्रेंचची शिकवणी चालायची. टीचर मुंबईत एका फ्रेंच कंपनीत तीस वर्षं टायपिस्ट होत्या. लग्न केलं नाही. घर भावाचं, लेस्टरचं. त्याने सांगून ठेवलं होतं, शिकवणीला मुलं येतायत तोवर खोली तुझी, नंतर मी भाड्याने देईन.

माझी ॲनिशा तिथे जायला लागली तेव्हा दोन महिने पुस्तक उघडलंच नाही. कागदाच्या पट्ट्या, पेन्सिल आणि कात्री. पट्टीवर शब्द लिहायचा, ‘पार्लों’, म्हणजे आपण बोलतो. आधी टाळ्या देत म्हणायचं, पार, लों, आणि मध्ये पेन्सिलीची रेघ मारायची. मग कात्री, पण रेघेवर नाही, एक अक्षर पुढे, ‘ल’च्या नंतर. ‘पार्ल’ म्हणजे बोलणं, ‘ओं’ म्हणजे आपण.

“तोंड एका जागी तोडतं, अर्थ दुसऱ्या,” टीचर म्हणायच्या. “दोन्ही जागा हाताला कळल्या की नव्या क्रियापदाची भीती नाही.”

मला भीती परीक्षेची होती. कॅनडाच्या कॉलेजला जूनमध्ये निकाल हवा होता. एका रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या फाटकात मी शेजारणीला, बेटीला म्हणाले, “फ्रेंच कसलं, बालवाडी आहे. कागद कापत बसवतात पोरांना.”

बेटी हसली. “भावाच्या घरात तिला दुसरं काय कापायला देणार?”

फाटकातलं बोलणं आमच्याकडे पुढच्या रविवारपर्यंत घराघरांत पोचतं. मला ते ठाऊक होतं. आधी शिकवणीतल्या केनीच्या आईने त्याला काढलं, मग बाकीच्यांनी. ॲनिशाला मी विरारच्या क्लासला घातलं. तिथे पन्नास वाक्यं तोंडपाठ करून घेतली. परीक्षेत एक्कावन्नावं आलं. ती नापास झाली.

मी टीचरकडे गेले. पुढच्या खोलीला शटर बसवलं होतं, आत मोबाइलचं दुकान. टीचर मागे स्वयंपाकघरात मेथी निवडत होत्या.

“टीचर, ॲनिशाला परत घ्याल?”

“बसवू कुठे? इथे लेस्टरची सून स्वयंपाक करते.”

“आमच्या घरी या.”

“तुझ्या घरी येऊन कागद कापू? मग फाटकात काय सांगशील?” आवाज चढला नव्हता. “बेटीने मला त्याच दिवशी सांगितलं. मी वाट बघत होते, तू स्वतः येऊन बोलशील म्हणून.”

मी माफी मागितली.

“मला नको. लेस्टरला जाऊन सांग, टीचर बरं शिकवत होती, मी उगाच बोलले. खोली देतो का बघ.”

लेस्टर दुकानाच्या दारात खुर्ची टाकून बसला होता. “काय, बरं आहे ना?” त्याने विचारलं. मी बरं आहे म्हणाले आणि घरी आले.