पुष्पाची चित्रं आणि सरांचं मत

हे मी कुणाजवळच बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, ज्या मित्रांसोबत जन्मभर नकाशे काढले त्यांच्याजवळही नाही. आणि आज लिहायला बसलो तर आधी हसूच येतं आहे — ते दिवस इतके मजेचे होते, की त्यांत मी असं काही केलं असेन, हे माझं मलाच खरं वाटत नाही.

दर उन्हाळ्यात बारावी झालेली मुलं आईबापांना घेऊन माझ्याकडे येतात. आर्किटेक्चर घेऊ का, विचारतात. मी त्यांना चहा पाजतो आणि जे सुचेल ते सांगतो. घरं बघा, म्हणतो. माणसं घरात कुठं बसतात ते बघा. आणि एक गोष्ट न चुकता सांगतो — आपली चित्रं आपणच घेऊन जा, दुसऱ्याच्या हाती देऊ नका. मुलं मान डोलावतात. हे मी काहून सांगतो, ते आजवर एकानंही विचारलं नाही.

सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. आम्ही नागपूरला धरमपेठेत राहायचो आणि मी आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला होतो. टी-स्क्वेअर, म्हणजे रेघा मारायची ती लांब पट्टी, सायकलच्या दांड्याला बांधून निघालो की सगळी गल्ली बघायची. आमच्या गल्लीतला मी पहिलाच! लोक मला थांबवून सल्ले विचारायचे — जिना कुठून काढू, मोरी कुठं घेऊ. मी एक डोळा मिटून, अंगठा समोर धरून सांगायचो. समोरच्या काकांनी माझ्या सांगण्यावरून मोरी जिन्याखाली घेतली. त्यांच्या घरातला प्रत्येक माणूस आंघोळीला जाताना डोकं आपटून घ्यायचा, तरी काका मला मानायचे. असं ते सुख होतं. ते फक्त माझं होतं — आणि माझंच राहावं, असं मला वाटत होतं, हे तेव्हा कळलं नव्हतं.

शेजारच्या मावशींकडे त्यांची भाची राहायला आली. पुष्पा. सावनेरची, वडलांचं तिथं कापडाचं दुकान. कॉलेजचं पहिलं वर्ष करायला नागपूरला आलेली. मला भाऊ म्हणायची. माझ्या टेबलाशी उभी राहून मी रेघा कशा मारतो ते तासन्‌तास बघायची आणि मधेच असं काही विचारायची की माझा हात थांबायचा. एकदा मी शाळेचा नकाशा काढत होतो. ती म्हणाली, मधल्या सुट्टीत पोरं डबा कुठं खातीन? मी वर्गखोल्या काढल्या होत्या, ऑफिस काढलं होतं, झेंड्याचा ओटासुद्धा काढला होता. डबा खायला जागा नव्हती.

एके दिवशी ती कापडी पिशवीतून आपली चित्रं घेऊन आली. आपल्यालाही आर्किटेक्चर घ्यायचं आहे, पण घरी बोलायच्या आधी कुणा जाणत्यानं ही चित्रं बघावीत, असं तिचं म्हणणं होतं. तुमच्या कॉलेजच्या सरांना दाखवशील का, तिनं विचारलं. मी हो म्हटलं. अगदी मोठेपणानं म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पिशवी हँडलला अडकवून कॉलेजात गेलो. सर आपल्या खोलीत एकटेच चहा पीत बसले होते. दार उघडं होतं. मी दारापर्यंत गेलो — आणि वळलो. सायकल काढली आणि सरळ अंबाझरीच्या तलावाकाठी जाऊन बसलो. का? आधी आपण बघू आणि मग दाखवू, असं मनाला सांगितलं असेल.

तिथं मी ती चित्रं पाहिली. कापसाच्या गाड्या बाजारात उभ्या आहेत आणि गाडीवान गाड्यांच्या सावलीत निजले आहेत. सावनेरजवळच्या खाप्याचा नदीकाठ, पायऱ्यांवर बायका, आणि कुठल्या पायरीवर कोण धुणं धुतं ते कळावं असं काढलेलं. मग एक चित्र आमच्याच घराचं निघालं. मागच्या दाराशी माझी आई बसलेली, सूप मांडीवर. आई रोज तिथंच बसायची, कारण उन्हाळ्यात वाऱ्याची झुळूक तिथूनच यायची. मी त्या घरात जन्मलो होतो, दोन वर्षं घरं बांधायचं शिकत होतो — आणि हे मला दिसलं नव्हतं.

चित्रं चांगली होती. चांगली म्हणजे काय, माझ्यापेक्षा चांगली होती. सरांनी ती पाहिली असती तर ते खुर्चीतून उठले असते. हे मला पक्कं ठाऊक होतं — आणि म्हणूनच... सांगूनच टाकतो. संध्याकाळी मी पिशवी पुष्पाला परत दिली आणि म्हणालो, "सरांनी पाहिली. हात बरा आहे म्हणाले, पण हे काम हिचं नाही."

तिनं पिशवी घेतली. छातीशी धरली आणि मावशीला मदत करायला आत गेली. पुढं तिनं बी.एस्सी.ला नाव घातलं. वर्षभर तिनं माझ्या टेबलाकडे पाहिलं नाही. मला कसं वाटत होतं? खोटं कशाला बोलू — आधी सुटल्यासारखं वाटलं. वाईट वाटायला बराच वेळ लागला.

पण पुष्पा ती पुष्पाच. पुढच्या उन्हाळ्यात एका सकाळी आमच्या दारात उभी. "भाऊ, मी वर्षभर इचार केला," म्हणाली. "सर चुकले असतीन तर?"

तिनं सावनेरला जाऊन वडलांना राजी केलं, प्रवेशपरीक्षा दिली आणि तिचा नंबर लागला. यादीत तिचं नाव मीच आधी पाहिलं. सायकल इतकी जोरात मारत घरी आलो की चप्पल रस्त्यातच राहिली. तो आनंद खरा होता, एवढं मात्र शपथेवर सांगतो. मावशींनी गल्लीभर पेढे वाटले.

मग काय ती वर्षं! पुठ्ठ्याची घरं रिक्षात मांडीवर घेऊन जायची आणि वाऱ्यानं छप्पर उडालं की दोघांनी मागं पळायचं. तिच्या वर्गाची मुलं कुठल्याही नकाशात आधी डबा खायची जागा काढू लागली होती. सर तर तिच्यावर फार खूश. आणि मी मनात भीत असायचो — आज ती सरांना विचारेल, उद्या विचारेल. तिनं कधी विचारलं नाही. मानी होती.

विचारलं ते सर निवृत्त झाले तेव्हा. ऐंशी सालच्या पुढं कधीतरी. तोवर पुष्पानं नागपुरात शाळा बांधल्या होत्या, दवाखाना बांधला होता, नाव झालं होतं. निरोपाच्या समारंभात ती बोलायला उभी राहिली आणि सगळ्यांदेखत हसत म्हणाली, सर, तुम्ही माझी चित्रं पाहून म्हणाला होतात की हे काम हिचं नाही. त्या रागानंच मी इथवर आले.

सभागृह हसलं. सरांनी कपाळाला आठ्या घालून आठवून पाहिलं. ते विसराळू होते. मग उठले, माईकपाशी आले आणि सगळ्यांसमोर हात जोडून म्हणाले, "म्हटलं असेन, बाई. माझी फार मोठी चूक झाली. मला क्षमा कर."

पुष्पा वाकून त्यांच्या पाया पडली. लोक टाळ्या वाजवू लागले. मी पहिल्या रांगेत होतो. मीही वाजवल्या — सगळ्यांपेक्षा जोरात.

सर आता नाहीत. त्यांनी तिची चित्रं पाहिलीच नव्हती. पाहू दिली नव्हती ती मी. पुष्पा इथंच आहे, मजेत आहे, आणि हे छापून आलं की तीही वाचेल.