एक स्टॉप उजळ

बोईसरला स्टुडिओ टाकला तेव्हा गिऱ्हाइकांनी मला पहिल्याच महिन्यात एक शब्द शिकवला: उजळ. फोटो उजळ पाहिजे. त्याचा प्रकाशाशी फारसा संबंध नसे. माणूस गोरा दिसला पाहिजे, एवढाच अर्थ. कारखान्यातून सुटलेले कामगार पासपोर्ट फोटोला बसायचे आणि म्हणायचे, "भैया, थोड़ा गोरा कर देना." किनाऱ्यावरच्या लग्नांत दिवेलागणीला नवरीची आई कानाशी लागायची, "पोरीला उजल काड रं, सासरची मानसा बगतील." मी काढत गेलो. कॅमेरा सांगेल त्यापेक्षा एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट प्रकाश, ही माझ्या हाताला लागलेली खोड. लोक खूश, मीही खूश. स्वतःला फार शहाणा समजत होतो.

गडद दृश्यात कॅमेरा फसतो, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. समोर काळं काही आलं की त्याला वाटतं, इथे अंधार फार आहे, आणि तो आपणहून जास्त उजेड आत घेतो. काळं राखाडी होऊन बसतं. अशा वेळी एक स्टॉप कमी करायचा असतो. हे ज्ञान मी चारचौघांत तोऱ्यात पाजळायचो.

माझी आई मुरबे गावची. जन्मभर उन्हात बोंबील वाळवले, पालघरच्या बाजारात टोपली घेऊन बसली. काळी होती. आपल्याकडे अशा बाईला सावळी म्हणतात, पण ती स्वतःला काळीच म्हणायची. फोटोला कधी उभी राहिली नाही. कॅमेरा दिसला की आत जायची. दिवाळीनंतरच्या एका संध्याकाळी मात्र वाळलेले बोंबील काढून ती ओटीवर टेकली होती, आणि मी कॅमेरा उचलला तरी उठली नाही. सूर्य बुडालेला. वर एक मिणमिणता बल्ब, मागे धुराने काळवंडलेली भिंत, अंगावर गडद लुगडं.

"काली हाय मी," ती म्हणाली. "तशीच काड."

मी हसलो. हाताने नेहमीचं केलं. जिथे एक कमी करायचा तिथे एक वाढवला. कॅमेऱ्यामागच्या पडद्यावर तिला दाखवला. तिने बराच वेळ पाहिलं, "बरा हाय," म्हणाली आणि बोंबील टोपलीत भरायला लागली. मला ते कौतुक वाटलं.

पुढच्या पावसाळ्यात ती गेली. तिचा तोच एक फोटो होता. मोठा केला, चौकटीत बसवला, हार घातला. दहाव्याला तिची बाजारातली सोबतीण आली. तीस वर्षं दोघींनी शेजारी बसून मासळी विकलेली. तिने फोटोसमोर हात जोडले, जरा थांबली आणि हळूच मला विचारलं, "अरं, आयचा फोटो कवा लावनार?"

"मावशी, हाच हाय," मी म्हटलं.

तिने पुन्हा पाहिलं. पदराने डोळे पुसले आणि बायकांत जाऊन बसली.

पाहुणे पांगल्यावर मी संगणक उघडला. कॅमेऱ्यातली मूळ कच्ची फाइल मी कधी ठेवतच नसे, जागा खाते म्हणून. फोटोत काळ्या राहिलेल्या भागातून थोडंफार वर काढता येतं, पण जळून पांढऱ्या झालेल्या भागात परत आणायला काही उरलेलंच नसतं. उजेड कमी केला तर तिचे गाल राखेसारखे झाले. तांबूस छटा दिली तर कोणी भलतीच आजारी बाई दिसायला लागली. फार लाज वाटली. इतक्या वर्षांत किती जणांचे चेहरे मी असे पुसून टाकले, त्याचं मला कधी काही वाटलं नाही. स्वतःवर आलं तेव्हा वाटलं.

शेवटी ठरवलं, तिचा खरा रंग आपणच भरायचा. तपकिरी घेतला, काळपट घेतला, दोन्ही मिसळून पाहिले. प्रत्येक वेळी वाटे, हाच. मग वाटे, नाही. जन्मभर जवळून पाहिलेला चेहरा, आणि कुठे थांबायचं ते मला कळेना. तिचा रंग नेमका कसा होता हे मलाच आठवत नव्हतं.