त्या दोन पोरांचे बैल

पुण्यात तान्हा पोळा नसतो, हे माझ्या वडिलांना माहीत नव्हतं. आणि मी त्यांना ते कधी सांगितलं नाही. गोष्ट खरं तर एवढीच आहे. पण ती सांगायला मला इतकी वर्षं लागली.

आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरांचा पोळा भरतो. चाकं लावलेले लाकडी बैल, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरं. मोकळ्या जागेत रांग लागते, वर आंब्याच्या पानांचं तोरण. तोरण तुटलं की पोरं बैल ओढत घरोघर निघतात. बाया आधी बैलाला कुंकू लावतात, मग पोराला, आणि हातावर काहीतरी ठेवतात. नागपुरात वाढलेल्या माणसाला वाटतं, हे सगळीकडे असंच असणार. वडील तर भंडाऱ्याच्या पलीकडे कधी गेलेच नव्हते.

ते लकडगंजात लाकूड कापायच्या एका आरामशीनवर सुतार होते. श्रावण लागला की जेवणाच्या सुट्टीत सागाच्या उरलेल्या तुकड्यांतून बैल करायचे. गल्लीतल्या अर्ध्या पोरांचे बैल त्यांच्या हातचे. संध्याकाळी घरी आले की आई दारातच म्हणायची, "घरात पाय ठेवायच्या आधी तो भुसा झटका." ते हसून धोतर झटकायचे. भुसा तरीही घरात यायचाच.

साठचं दशक संपता संपता मी पुण्याच्या एका कारखान्यात लागलो, लग्नही तिकडच्याच मुलीशी झालं. मुलगा चार वर्षांचा झाला तेव्हा वडिलांनी ओळखीच्या ट्रकवाल्याबरोबर त्याच्यासाठी बैल पाठवला. वीतभर उंचीचा, मान किंचित वळलेली, जणू कुणी हाक मारली आहे. सोबत चिठ्ठी: "तान्ह्या पोळ्याले फिरवजो. कसा झाला ते लिहून कळवजो."

मी त्या दिवशी मुलाला घेऊन वसाहतीच्या आवारात उतरलोही. तो दोरी धरून पुढे, मी मागे. सगळ्या आवारात बैल एकच. शेजारचे गृहस्थ स्कूटर पुसत होते. म्हणाले, "काय नागपूरकर, आज नांगरणी वाटतं?" त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. दोन-तीन जण हसले, मीही हसलो. मग बैल काखेत मारला आणि रडणाऱ्या पोराला ओढत वर आलो. त्याला म्हणालो, "पाऊस येतोय." आभाळात ढग नव्हता.

दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या कँटीनमध्ये बसून मी वडिलांना आंतर्देशीय पत्र लिहिलं. पोळा छान झाला, लिहिलं. अकरा पोरं जमली होती. खरं वाटावं म्हणून पुढे आणखी लिहिलं, की त्यातल्या दोघांजवळ बैल नव्हते, ती आपल्याच बैलाची दोरी आळीपाळीने धरत होती.

पुढची पाच वर्षं मी दर पोळ्याला असं पत्र लिहीत राहिलो. तोरण कुणी बांधलं, कुणाच्या बैलाचं चाक निखळलं, कोणत्या काकूंनी पोरांना करंज्या दिल्या. ती पत्रं वडील आरामशीनवर सगळ्यांना वाचून दाखवत. आईने मला एकदा सांगितलं, "तुहा पोळा आता त्या मशीनवाल्याइले तोंडपाठ झाला."

आज कबूल करतो, ती पत्रं मी केवळ वडिलांसाठी लिहीत नव्हतो. मी लिहायचो ती आमचीच गल्ली होती, नाव फक्त पुण्याचं. करंज्या देणारी काकू आमच्या समोरच्या घरातली. ओल्या बोटाने कुंकू लावायची तिची तऱ्हा मी जशीच्या तशी उतरवायचो. वसाहतीत माझं कुणाशी वाकडं नव्हतं आणि जवळचंही कुणी नव्हतं. 'मले' आणि 'तुले' मी केव्हाच गिळून टाकले होते. वर्षातून एकदा, कँटीनच्या त्या कोपऱ्यात, अर्धा तास मी घरी असायचो. चहा निवून जायचा. भोंगा झाला की पत्र चिकटवून परत यायचो. आणि त्या वेळी बैल कपाटावर, गादीच्या खोळीत गुंडाळलेला असायचा.

पहिल्या पत्रानंतर सहाव्या वर्षी श्रावणात वडिलांचं पत्र आलं. "या खेपेले पोळ्याले मीच येतो. त्या दोन पोरांसाठी बैल करून राहिलो. ट्रकनं पाठवले तं शिंगं मोडतीन."

पत्र वाचताच मला पुढचं दिसलं. ते येतील, बैलांची पिशवी घेऊन आवारात उभे राहतील आणि विचारतील, "कुठं आहेत पोरं?" मी त्याच दिवशी उत्तर टाकलं. घरात आजारपण आहे, पाण्याची टंचाई आहे, मला रजा नाही. पुढच्या वर्षी या.

घरात कुणीही आजारी नव्हतं.

त्यांनी दोनच ओळी लिहिल्या. "बरं. पोरांची तब्येत सांभाळजो." पोरांची, असंच लिहिलं होतं. त्यात कोणकोण होतं, ते मी स्वतःला विचारलं नाही.

माघात ते गेले. झोपेतच. मी पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं.

तेराव्यानंतर आरामशीनवरचे त्यांचे जोडीदार घरी आले. वडिलांच्याच वयाचे, एका हाताची दोन बोटं नसलेले. आईने फळीवरून कापडी पिशवी काढली, त्यांनी ती माझ्यासमोर सोडली. जुन्या धोतराच्या फाडीत दोन बैल.

"पाह्य," ते म्हणाले, "एकाची मान डावीकडं, एकाची उजवीकडं. म्हणे, दोघं पोरं नेहमी सोबत राह्यतात, तं जोडी लागली पाह्यजे."

बैल माझ्या मुलाच्या बैलापेक्षा चांगली चार बोटं उंच होते. मी नुसताच बघत राहिलो. त्यांना वाटलं मी तेच विचारतोय.

"मी पण म्हटलं, एवढे मोठे काहून करून राहिला गा? तं म्हणे, पहिल्या पत्राले सहा वर्सं झाले. पोरं काय तेवढीच राह्यतीन का बे?"

आई म्हणाली, "पाठवू गिठवू नको. हातानं देजो."

मी "हो" म्हणालो. आणि पुण्याला गेल्यावर आईला लिहिलं, दिले, दोघं खूश झाली.

त्यालाही आता पाच वर्षं झाली. आई थकली आहे. गेल्या पोळ्याला मी ते दोन्ही बैल पिशवीत घालून एकटाच नागपूरला गेलो. मनात ठरवलं होतं, आधी आईला सगळं सांगायचं आणि मग बैल गल्लीतल्याच दोन पोरांना देऊन टाकायचे. म्हणजे बैल पोरांच्या हाती लागतील आणि मी सुटेन.

ती दारात बसून तांदूळ निवडत होती. मी पिशवी पुढे ठेवली. सांगायला सुरुवात केली आणि मध्ये कुठे थांबलो नाही. तिचा हात मात्र सुपात थांबला.

"म्हंजे ते पोरं नाहीतच?"

"नाही."

"अकराच्या अकरा?"

"आपलाच एक, आई."

तिने विचारलं, "अन् तुह्या बाबाइले येऊ नका म्हटलं, ते?"

"म्हणूनच."

तिने सुपातला एक खडा उचलला, बाहेर टाकला. "ते असते तं हसले असते. सगळ्याइले सांगून सांगून हसले असते." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मले नाही हसू येत."

बाहेर पोरं जमायला लागली होती. घुंगरांचा आवाज येत होता. मी हळूच म्हटलं, "गल्लीतल्या कोणाले देऊन टाकू का?"

किती वर्षांनी मी तिच्यासमोर 'कोणाले' म्हणालो, ते माझं मलाच जाणवलं. तिला जाणवलं असेल तर तिने दाखवलं नाही.

"नाही. ह्या पोरांजवळ आहेत त्याइचे बैल. तुह्या बाबाइनं हे त्या दोघांसाठी केले." तिने पिशवीची दोरी स्वतः आवळली आणि पिशवी माझ्या पायाशी सरकवली. "घेऊन जा तू. तुह्याजवळच राहू दे."

पोरं दाराशी आली तेव्हा ती कुंकवाचं ताट घेऊन उठली. एकेका बैलाला, एकेका पोराला कुंकू लावलं. मी तिच्या मागे, आतल्या अंधारात, पिशवी धरून उभा होतो.

आता ते दोन्ही बैल पुण्यात माझ्या खिडकीत आहेत, गुंडाळलेले नाहीत. एकाची मान डावीकडे, एकाची उजवीकडे. परवा शेजारचे तेच स्कूटरवाले गृहस्थ आले होते. त्यांनी विचारलं, "हे कुणाचे?"

मी म्हणालो, "दोन पोरांचे आहेत." आणि मग त्यांना बसायला सांगून पहिल्यापासून सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. चहा घेतला आणि गेले.